एका निनावी गोळीचा इतिहास

अमेरिकेतील कोणत्याही औषधाच्या दुकानात, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांच्या मांडणीवर, निळ्या रंगाच्या खोक्यांची एक रांग असते. खोक्यावर चंद्र असतो, चांदण्या असतात आणि ओळखीच्या एखाद्या वेदनाशामक औषधाच्या नावापुढे 'पीएम' ही दोन अक्षरे असतात. (आपल्याकडे ही अक्षरे वाचली की पंतप्रधान आठवतात, पण येथे अभिप्रेत आहे ती रात्रीची वेळ.) आतील गोळीत दोन औषधे असतात: ५०० मिलिग्रॅम ॲसिटामिनोफेन, म्हणजे आपले पॅरासिटामॉल, आणि २५ मिलिग्रॅम डायफेनहायड्रामीन. पहिले वेदना कमी करते, दुसरे झोप आणते. दुखण्यामुळे झोप लागत नसेल तर झोपताना दोन गोळ्या घ्याव्यात, असे खोक्यावर लिहिलेले असते.

या गोळीचे नाव काय? टायलेनॉल पीएम हे एका कंपनीचे नाव झाले. हेच मिश्रण दुसऱ्या दुकानात दुसऱ्या नावाने मिळते, तिसऱ्या दुकानात तिसऱ्या. औषधांच्या अधिकृत सूच्यांमध्ये पाहू गेल्यास 'ॲसिटामिनोफेन / डायफेनहायड्रामीन' अशी नोंद आढळते. दोन नावे आणि मध्ये एक तिरकी रेघ. म्हणजे हे नाव नव्हे, ही यादी झाली. जगातील प्रत्येक औषधी द्रव्याला एक प्रमाण नाव असावे यासाठी गेली सत्तरहून अधिक वर्षे आंतरराष्ट्रीय पातळीवर पद्धतशीर काम चालू आहे. पण दोन द्रव्ये एकत्र आली की त्या मिश्रणाला बहुधा स्वतःचे नाव राहत नाही. ही रिकामी जागा व्यापाऱ्याने भरली, आणि नाव ज्याचे त्याने औषध कशासाठी घ्यायचे हेही ठरवले, असे या गोळीचा इतिहास पाहिल्यावर वाटते.

वेदना आणि अनिद्रा ही जोडी जुनी आहे आणि त्यावरचा जुना उपाय एकच होता. अफूला मिश्रणाची गरज नव्हती, कारण ती दोन्ही कामे एकटीच करी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे केले तेव्हा त्याने त्याला ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून 'मॉर्फियम' असे नाव दिले. पुढे जगाने मॉर्फीन वापरले ते मुख्यतः वेदनेसाठी, पण नावात राहिली ती निद्रा. आपल्याकडे याच अफूचे एक सौम्य वाटणारे नाव होते, 'बाळगोळी'. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका मागे ठेवलेल्या तान्ह्या मुलांना ही गोळी देत, याची नोंद १९२०च्या दशकातील सरकारी पाहण्यांत आहे. गोळी कोणासाठी आहे हे नावातून कळे. ती कशाची आहे हे कळत नसे. ही तऱ्हा पुढेही दिसणार आहे, म्हणून तिचा येथे उल्लेख केला.

अफूविना वेदनाशमन ही गोष्ट प्रत्यक्षात आली ती डांबरापासून रंग बनवणाऱ्या उद्योगाच्या अंगणात. १८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये कान आणि हेप्प हे दोन तरुण डॉक्टर पोटातील जंतांवर नॅफ्थलीनचा प्रयोग करत होते. औषधविक्रेत्याकडून त्यांना चुकून भलतेच द्रव्य मिळाले आणि त्याने रुग्णाचा ताप उतरला. ते द्रव्य होते ॲसिटॅनिलाइड. रसायनशास्त्राला ते आधीच माहीत होते आणि रंगाच्या कारखान्यांत ते स्वस्तात तयार होत असे, त्यामुळे त्यावर एकाधिकार मिळणे शक्य नव्हते. काल्ले नावाच्या कंपनीने यावर जो तोडगा काढला त्याचे परिणाम औषधांच्या जगाला आजवर भोगावे लागत आहेत. द्रव्य सर्वांचे असले तर असो, नाव आपले करावे! त्यांनी ॲसिटॅनिलाइडला 'अँटिफेब्रिन' हे सुटसुटीत नाव दिले. डॉक्टरांना ते लिहायला आणि लक्षात ठेवायला सोपे गेले. चिठ्ठीवर अँटिफेब्रिन लिहिलेले असले की औषधविक्रेत्याला तेच द्यावे लागे, मग शेजारच्या बरणीत तेच द्रव्य स्वस्तात पडून असले तरी. रासायनिक नाव आणि व्यापारी नाव यांची फारकत अशी झाली.

यानंतरची कथा अमेरिकेतील बाल्टिमोर या शहरात घडते. तेथे आयझॅक एमर्सन या औषधविक्रेत्याने १८८८ च्या सुमारास 'ब्रोमो-सेल्टझर' नावाचे चूर्ण विकायला सुरुवात केली. पाण्यात टाकले की फसफसणारे हे चूर्ण डोकेदुखीवर आणि 'नसांच्या' तक्रारींवर घ्यायचे. त्यात वेदनेसाठी ॲसिटॅनिलाइड होते आणि मन शांत करण्यासाठी ब्रोमाइड. आपल्या निळ्या खोक्यातील गोळीचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. नावाकडे लक्ष द्यावे: 'ब्रोमो'मधून ब्रोमाइड सूचित होते, 'सेल्टझर'मधून फसफसणारे पाणी. ॲसिटॅनिलाइडचा मागमूस नाही, आणि रक्ताचा प्राणवायू वाहण्याचा गुण बिघडवून माणसाला निळे पाडणारे द्रव्य नेमके तेच होते. ब्रोमाइडही काही निरुपद्रवी नव्हे. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडते, साठत जाते आणि शेवटी बुद्धिभ्रमापर्यंत नेते.

एमर्सन या चूर्णावर गडगंज झाला. १९११ साली त्याने बाल्टिमोरमध्ये एक उंच मनोरा बांधला, तो आजही उभा आहे. मनोऱ्यावर चारी बाजूंना घड्याळे आहेत आणि त्यांच्या तबकड्यांवर आकड्यांबरोबर बारा रोमन अक्षरे आहेत, कारण 'ब्रोमोसेल्टझर' या नावाची रोमन अक्षरे बरोबर बारा भरतात. पूर्वी माथ्यावर औषधाची एक प्रचंड निळी बाटली फिरत असे. ती पुढे उतरवली. व्यापारी नावाचे इतके शब्दशः देऊळ दुसरे कोणते असेल असे वाटत नाही.

मनोरा उभा राहण्यापूर्वीच मात्र कायद्याने या नावाला पहिला शह दिला होता. १९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स या पत्रकाराने 'कॉलियर्स' साप्ताहिकात गुप्त औषधांवर एक लेखमाला लिहिली. तीत ॲसिटॅनिलाइडयुक्त डोकेदुखीच्या चूर्णांचाही समाचार घेतलेला होता. १९०६ मध्ये अमेरिकेचा शुद्ध अन्न आणि औषध कायदा आला. या कायद्याने औषधांवर बंदी घातली नाही. त्याने एवढेच सांगितले की काही ठरावीक द्रव्ये औषधात असतील तर त्यांची नावे आणि प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे. मद्य, अफू, मॉर्फीन, हेरॉइन, कोकेन, क्लोरोफॉर्म अशा बड्या मंडळींच्या त्या छोट्या यादीत ॲसिटॅनिलाइडलाही मान मिळाला होता. ब्रोमाइड त्यात नव्हते. त्यामुळे ब्रोमो-सेल्टझरच्या बाटलीवर एक चमत्कारिक श्रमविभागणी झाली: निम्मे औषध नावाने सांगितले, निम्मे कायद्याने सांगायला लावले.

याच बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हार्मन मोर्स या रसायनशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच पॅरासिटामॉल तयार केले होते. पण ते औषध आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. १८९३ मध्ये योझेफ फॉन मेरिंग या जर्मन वैद्याने ते रुग्णांना देऊन पाहिले. ताप आणि वेदना यांवर ते चालते हे त्याला दिसले. परंतु ॲसिटॅनिलाइडसारखाच रक्तावरील दुष्परिणाम यातही आहे असे त्याचे मत झाले. बहुधा त्याच्या नमुन्यात दुसऱ्या एका द्रव्याची भेसळ असावी. मेरिंग हा साधासुधा माणूस नव्हता. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे १८८९ मध्ये मिंकोव्हस्कीबरोबर दाखवून देणारा तोच. त्याचा शब्द मोठा होता, म्हणून पॅरासिटामॉल अर्धशतक बाजूला पडले आणि बायर कंपनीचे फेनॅसिटीन बाजारात चालत राहिले.

गंमत अशी की आपल्या गोष्टीच्या दुसऱ्या शाखेवरही हाच मेरिंग बसलेला आहे. १९०३ मध्ये त्याने आणि एमिल फिशरने बार्बिटाल हे निद्राकारक द्रव्य पुढे आणले. 'व्हेरोनाल' या नावाने ते जगभर गेले आणि बार्बिट्युरेट कुळाचा संसार सुरू झाला. म्हणजे वेदनेच्या ज्या औषधाने पुढे जग जिंकायचे होते ते या माणसाने हातात घेऊन खाली ठेवले आणि झोपेचे जे औषध पुढे अनेकांच्या मृत्यूला कारण होणार होते ते हातात घेऊन जगाला दिले. त्याला याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्यावर दोन्ही निर्णय समजण्यासारखे होते.

बार्बिट्युरेट हाती आल्यावर ते वेदनाशामकात मिसळण्याचा मोह होणारच होता. १९२२ मध्ये शेरिंग कंपनीने 'व्हेरामॉन' आणले. त्यात बार्बिटाल आणि अमिडोपायरीन यांचा संयोग होता. नावातील 'व्हेर' वाचून डॉक्टरला व्हेरोनाल आठवावे. अमिडोपायरीन मात्र सहजासहजी आठवू नये. १९३०च्या दशकात अमिडोपायरीनमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन रुग्ण दगावतात हे कळले. ते औषध कोणकोणत्या नावांखाली दडलेले आहे हे शोधणे तेव्हा डॉक्टरांच्या नशिबी आले. अमिडोपायरीन द्या असे त्यांनी कधी लिहिलेच नव्हते, त्यांनी नावे लिहिली होती.

पॅरासिटामॉलचा पुनर्जन्म दुसऱ्या महायुद्धानंतर झाला, आणि तोही अशाच मिश्र औषधांच्या चिंतेतून. डोकेदुखीच्या औषधांतील ॲसिटॅनिलाइड रक्त का बिघडवते याचा शोध लावण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये संशोधनाला अनुदान मिळाले. ते देणाऱ्या संस्थेच्या नावातच 'वेदनाशामक आणि शामक औषधांचा अभ्यास' हे शब्द होते. त्या काळच्या उद्योगाला ही दोन कुळे एकाच घरातली वाटत होती, याचा हा चांगला पुरावा आहे. बर्नार्ड ब्रोडी आणि जूलियस ॲक्सेलरॉड यांनी १९४८ मध्ये दाखवले की ॲसिटॅनिलाइडचे शरीरात एका दुसऱ्याच द्रव्यात रूपांतर होते आणि वेदनाशमनाचे खरे श्रेय त्या द्रव्याचे. रक्त बिघडवणारा घटक वेगळ्या वाटेने तयार होतो. हे श्रेयाचे धनी म्हणजे मोर्सने सत्तर वर्षांपूर्वी बनवलेले पॅरासिटामॉल. ॲक्सेलरॉडकडे तेव्हा डॉक्टरेट नव्हती. पुढे १९७० मध्ये वेगळ्या कामासाठी त्याला नोबेल मिळाले.

आता या द्रव्याला नाव हवे होते, आणि येथे नामकरणाच्या इतिहासातील एक मजेदार प्रसंग घडला. रासायनिक नाव दोन प्रकारे लिहिता येते: 'पॅरा-ॲसिटाइल-अमिनो-फेनॉल' किंवा 'एन-ॲसिटाइल-पॅरा-अमिनो-फेनॉल'. अटलांटिकच्या एका काठाने पहिल्यातील तुकडे उचलून 'पॅरा-सिट-अम-ऑल' केले, दुसऱ्या काठाने दुसऱ्यातील तुकडे उचलून 'ॲसिट-अमिनो-फेन' केले. फिलाडेल्फियाच्या मॅकनील कंपनीला १९५५ मध्ये व्यापारी नाव हवे होते. तिने त्याच शब्दातून 'टाइल' आणि 'एनॉल' कापून 'टायलेनॉल' शिवले. औषधविक्रेत्यांना चिठ्ठीवर आणि बाटलीवर लिहायला संक्षेप हवा होता, तर त्यांनी आद्याक्षरे घेतली: 'एपीएपी'. एका कापडातून चार सदरे निघाले, आणि ते अंगावर चढवल्यावर कापड एकच आहे हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये औषधी द्रव्यांना आंतरराष्ट्रीय नावे देण्याचा ठराव केला आणि १९५३ मध्ये अशा नावांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. ही नावे कोणाच्याही मालकीची नसतात. एका कुळातील औषधांना एकसारखा शेवट असावा (म्हणून मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल), उच्चारात आणि लेखनात नावे एकमेकांत मिसळू नयेत, शरीराच्या अवयवांची वा रोगांची सूचना नावात नसावी, असे नियम त्यामागे आहेत. शेवटचा नियम विशेष ध्यानात घ्यावा. औषध कशासाठी आहे हे प्रमाण नावाने सांगायचे नाही, कारण उपयोग बदलू शकतो आणि तो ठरवणे हे नावाचे काम नाही. जगाने पॅरासिटामॉल हे नाव स्वीकारले. अमेरिकेने ॲसिटामिनोफेन सोडले नाही आणि १९६१ पासून तेथे अशा नावांसाठी स्वतंत्र मंडळ आहे.

पण ही सारी व्यवस्था एकेका द्रव्यासाठी आहे. मिश्रणाला आंतरराष्ट्रीय नाव मिळत नाही. तत्त्वतः ते योग्यच आहे. दोन द्रव्ये दहा प्रमाणांत मिसळता येतात, त्या दहांना दहा नावे द्यायची काय? ब्रिटिशांनी मात्र हा प्रयत्न करून पाहिला. 'को' हा उपसर्ग लावून त्यांनी प्रचलित मिश्रणांना प्रमाण नावे दिली. पॅरासिटामॉल आणि कोडीन म्हणजे को-कोडामॉल. पुढे आकडे, जसे ८/५००, म्हणजे ८ मिलिग्रॅम कोडीन आणि ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. नाव कोणाच्या मालकीचे नाही, 'को' वाचताच मिश्रण असल्याचे कळते, आणि प्रमाणही सांगितले जाते. मला हा नामकरणाच्या क्षेत्रातील एक अत्यंत सुसंस्कृत शोध वाटतो. आपल्याकडील डॉक्टरांना को-ट्रायमॉक्सॅझोल हे नाव ठाऊक असते, ते याच घराण्यातले. पण ही नावे मोजक्या मिश्रणांपुरती राहिली. पॅरासिटामॉल आणि डायफेनहायड्रामीन यांच्या जोडीला असे नाव कोणी दिले नाही.

डायफेनहायड्रामीन या जोडीत कसे आले, हेही पाहण्याजोगे आहे. १९४३ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात जॉर्ज रीव्हशल याने ते तयार केले. स्नायूंचा ताठरपणा घालवणारे द्रव्य तो शोधत होता. हाती लागले ते हिस्टामिनला अडवणारे, म्हणजे शिंका, नाक गळणे, अंगावर पित्त उठणे यांवरचे औषध. पार्क-डेव्हिस कंपनीने १९४६ मध्ये ते 'बेनाड्रिल' या नावाने आणले. त्याने गुंगी येते ही त्याची मोठी उणीव समजली गेली. (याच रेणूत फेरफार करता करता पुढे 'प्रोझॅक' हे नैराश्यावरील औषध निघाले, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) उणिवेचे भांडवल करण्याची कल्पना औषधउद्योगाला नवी नव्हती. अशाच गुंगी आणणाऱ्या मेथापायरिलीन या दुसऱ्या द्रव्यावर अमेरिकेत चिठ्ठीविना मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्यांचा सगळा बाजार उभा होता. १९७९ मध्ये ते उंदरांच्या यकृतात कर्करोग निर्माण करते असे आढळून आले आणि ते बाजारातून काढून घ्यावे लागले. गोळ्यांची नावे मात्र लोकांच्या तोंडी बसलेली होती. ती जुनी नावे तशीच ठेवून आतील द्रव्य बदलण्यात आले. ग्राहक तेच खोके मागत राहिला. नाव टिकले आणि औषध गेले, हा प्रकार आपल्याकडे हॉटेलच्या पाटीबाबत घडतो तेव्हा आपण हसतो.

१९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिठ्ठीविना मिळणाऱ्या झोपेच्या औषधांचे अंतिम नियम जाहीर केले. त्यात टिकले ते डायफेनहायड्रामीन, त्याच्या दोन क्षारांच्या रूपांत. यातही नामकरणाची एक खोच आहे. हायड्रोक्लोराइड हा क्षार असेल तर गोळीत २५ मिलिग्रॅम असतात आणि सायट्रेट असेल तर ३८. तरी झोप आणणारा रेणू दोन्हींत सारखाच भरतो. उरलेले वजन क्षाराच्या जोडीदाराचे. दोन खोकी शेजारी ठेवून ३८ आकड्याची गोळी अधिक जोरकस असा तर्क करणारा ग्राहक फसतो. वेदनाशामकाबरोबर याच्या संयोगाचा उपयोगही मोजक्या शब्दांत बांधला गेला: अधूनमधून होणारी डोकेदुखी वा किरकोळ दुखणी, आणि सोबत झोप न लागणे. दोन्ही हवे. नुसते दुखत असेल तर ही गोळी नव्हे, नुसती झोप येत नसेल तरीही नव्हे.

हे बंधन 'पीएम' या दोन अक्षरांनी पार धुऊन काढले. रात्र झाली की घ्यायची गोळी, असा अर्थ लोकांनी घेतला आणि नावातून दुसरा अर्थ निघतही नव्हता. परिणामी ज्यांना काहीच दुखत नाही असे लोक झोपेसाठी रोज रात्री एक ग्रॅम पॅरासिटामॉल पोटात घालू लागले. उद्योगालाही हे ठाऊक असावे, कारण २०१२ मध्ये सर्दीच्या 'नायक्विल' या प्रसिद्ध औषधाच्या नावावरून 'झिझक्विल' हे उत्पादन आले, त्यात केवळ डायफेनहायड्रामीन होते आणि ते केवळ झोपेसाठी आहे हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. खुद्द डायफेनहायड्रामीनची निद्राकारक म्हणून पत फारशी नाही. सलग काही दिवस घेतले की शरीर त्याला सरावते. अमेरिकेच्या निद्रावैद्यक संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात जुनाट अनिद्रेसाठी ते वापरू नये असे सुचवले आहे. वृद्धांनी तर ते टाळावेच असे वार्धक्यवैद्यकातील बीअर्स यादी सांगते: संभ्रम, तोल जाणे, लघवी अडणे हे त्याचे परिणाम.

पॅरासिटामॉलचा धोका यकृताला आहे. एडिंबरो येथील डेव्हिडसन आणि ईस्टवुड यांनी १९६६ मध्ये अतिमात्रेमुळे यकृत निकामी झाल्याचे रुग्ण नोंदवले. नेमस्त मात्रेत इतके सुरक्षित आणि मात्रा ओलांडली की इतके घातक, असे द्रव्य विरळा. ब्रिटनने १९९८ मध्ये एका वेळी विकत मिळणाऱ्या गोळ्यांची संख्या मर्यादित केली. ती तजवीज मुख्यतः आत्मघाताच्या विचाराने केली होती. नावाच्या गोंधळातून होणारी अतिमात्रा ही निराळी गोष्ट आहे. दिवसा सर्दीचे एक औषध, दाताच्या दुखण्यासाठी डॉक्टरने लिहिलेले दुसरे, रात्री निळ्या खोक्यातील तिसरे. तिन्हींत एकच द्रव्य, आणि रुग्णाच्या लेखी तीन वेगळी औषधे. डॉक्टरने दिलेल्या बाटलीवर तर ते 'एपीएपी' एवढेच छापलेले असे. ही चार अक्षरे म्हणजेच घरातले टायलेनॉल, हे रुग्णाने कोठून ओळखावे? २०११ मध्ये अमेरिकेतील औषधविक्रीच्या प्रमाणकसंस्थांनी हा संक्षेप बंद करून ॲसिटामिनोफेन हा पूर्ण शब्द छापावा अशी शिफारस केली. त्याच वर्षी औषध प्रशासनाने चिठ्ठीवर मिळणाऱ्या मिश्रणांतील त्याचे प्रमाण गोळीमागे ३२५ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्यास सांगितले. चिठ्ठीविना मिळणारी रात्रीची गोळी मात्र ५०० वरच राहिली.

मराठी वाचकाला यातील दोन्ही पात्रे परिचित आहेत, वेगळ्या वेषात. बेनाड्रिल म्हणजे खोकल्याचे गोड औषध, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो. अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना तेथे बेनाड्रिल म्हणून ॲलर्जीची गुलाबी गोळी मिळते तेव्हा ते बुचकळ्यात पडतात. एका परिचित आजोबांनी क्रोसिनची पट्टी भारतातून नेली होती, शिवाय सून देई ते टायलेनॉल पीएम. दोन्हींचा काही संबंध असेल असे त्यांना वाटण्याचे कारणच नव्हते. एकावर पॅरासिटामॉल लिहिले होते, दुसऱ्यावर ॲसिटामिनोफेन. सुनेने सहज दोन्ही खोकी उलटून वाचली म्हणून उलगडा झाला.

भारतात या विषयावर दोन वेगळ्या दिशांनी विचार झाला. एक नावाचा. जयसुखलाल हाथी समितीने १९७५ च्या अहवालात औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत अशी शिफारस केली. सरकारने सुरुवातीला ॲस्पिरिन, ॲनाल्जिन अशी अवघी पाच द्रव्ये निवडली. प्रकरण न्यायालयात गेले आणि बारगळले. एकेरी द्रव्यांची ही गत, तेथे मिश्रणांपर्यंत कोण पोचणार! डॉक्टरांनी मूळ नावानेच औषध लिहावे असा नियम ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने काढला आणि त्याच महिन्यात स्थगित केला.

दुसरी दिशा मिश्रणाची. १९८३ पासून केंद्र सरकारने वेळोवेळी ज्या औषधांवर बंदी घातली त्यांच्या यादीत अमिडोपायरीन आहे, फेनॅसिटीन आहे, आणि एक नोंद अशीही आहे: वेदनाशामक-ज्वरनाशक औषधांशी निद्राकारक, शामक वा चिंताशामक औषधांचे निश्चित प्रमाणातील मिश्रण. व्हेरामॉनपासून निळ्या खोक्यापर्यंतच्या सगळ्या परंपरेला ही एक ओळ लागू पडावी. परंतु डायफेनहायड्रामीन किंवा त्याचे भाऊबंद यांचे वर्गनाम 'हिस्टामिनरोधक' असे आहे, निद्राकारक असे नाही. त्यामुळे पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामीन यांचे मिश्रण, बहुधा नाक मोकळे करणाऱ्या तिसऱ्या द्रव्यासह, आपल्या प्रत्येक गल्लीतील औषधाच्या दुकानात सर्दीची गोळी म्हणून बिनदिक्कत मिळते. क्लोरफेनिरामीनही गुंगी आणतेच. अमेरिकेत निळ्या खोक्याच्या दर्शनी बाजूवर चंद्रचांदण्यांसह ज्या गुणाची जाहिरात असते, तो आपल्याकडे सर्दीच्या गोळीबरोबरच्या सूचनेत असतो: सुस्ती येण्याची शक्यता आहे, वाहन चालवू नये.